फोटोतली माणसं

"पुन्हा प्रयत्न कर," टॅब म्हणाला आणि शिवकन्येने तो सरळ पालथा घातला.

"बघा बाई," तिची आई सारजाबाई मला म्हणाली, "ह्या मशिनीलाबी कटाळा आला हिचा. आमी हिला संगं घेऊन जायलोत. धाकट्याला तरी संभाळील उसाच्या फडात."

बोरीच्या शाळेतून मी निवृत्त झाले त्याला खूप वर्षं झाली. सारजाबाईही माझ्याच हाताखाली शिकलेली. आकडा कळला नाही की तेव्हा मी पोरांपुढे ओंजळभर चिंचोके ओतायची. शिवकन्येला अंक ओळखू येत नाहीत, नाचतात म्हणते. अशा मुलांना शिकवणारी राजेश्री आठवड्यातून एकदा जिंतूरहून स्कूटीवर येते. तिचा टॅब अंक बोलून दाखवतो, चित्रावर बोट ठेवलं की मोजत जातो. मला तो चिंचोक्यांपेक्षा बरा वाटतो. घरंगळत तरी नाही.

सारजाबाईची टोळी दुसऱ्या दिवशी ऊसतोडीला निघणार होती. पोर माझ्याकडे राहून शिकणार, की त्यांच्याबरोबर जाणार, एवढंच ठरायचं होतं.

राजेश्रीने टॅब सरळ केला. ओळखीची माणसं मोजायला सोपी जातील म्हणून तिने टोळीचाच फोटो त्यात घातला होता. "परत सांग. माणसं किती?"

शिवकन्येने फोटोभर नजर फिरवली आणि पाच दाबलं. टॅबने पुन्हा नाही म्हटलं.

"मोठ्यानं मोज बरं."

"ह्यो काका-काकूचा एक कोयता. ह्यो मामा-मामीचा एक. ह्यो माय-बापाचा…"

सारजाबाई पदर तोंडाला लावून हसली. "अगं, ते मुकादमाचं मोजणं हाय." ऊसतोडीत टोळी नेणारा मुकादम नवरा-बायको मिळून एकच कोयता धरतो. पोरीने जन्मापासून माणसं तशीच मोजलेली ऐकली होती.

राजेश्री हसली नाही. तिने प्रश्न बदलून स्वतःच्या आवाजात भरला, "कोयते किती?"

पाच. टॅबने टाळ्या वाजवल्या. पोर लाजली.

"मग माणसं?"

आता ती एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत गेली. बराच वेळ लागला. "दहा," ती म्हणाली, "बायाबी धरल्या तर."

सारजाबाईचं हसू थांबलं. पुढे वाकून तिने फोटोतल्या स्वतःवर बोट ठेवलं.

"एक," टॅब म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या हिला," ती मला म्हणाली. "पर डोक्याला रोज तेल घाला. लय कटकट करती फणीला."

सकाळी ट्रॅक्टर दारात उभा असताना तिने लेकीची वेणी घातली. इतकी घट्ट, की पोरीच्या भुवया वर ओढल्या गेल्या.

पुढच्या खेपेला राजेश्री आली तेव्हाही तीच वेणी होती, सगळीकडून विस्कटलेली. शिवकन्या टॅबवर हिशेब करत होती. मी तेलाची बाटली आणि फणी घेऊन मागे बसले.

मान न वळवता ती म्हणाली, "आज नगं, बाई."