खूणही न उरलेली चौकट

मित्रांनो, मी एक जुना खोडरबर आहे. आलो तेव्हा सहा सेंटिमीटर लांब होतो, आता जेमतेम दोन उरलोय. कारखान्यात रबर, तेल आणि गंधकाची पूड एकत्र मळून, तापवून लांब पट्ट्या काढल्या. त्यातल्या एका पट्टीचा मी तुकडा. पेन्सिलीचे कण कागदापेक्षा मला घट्ट चिकटतात, एवढंच माझं शास्त्र.

माझे मालक नकाशे काढतात. कचेरीत त्यांना सगळे रेघेसाहेब म्हणतात. त्यांच्या घरची एक रीत आहे. काहीही लिहायचं ते आधी पेन्सिलीने; साहेब तपासणार, मगच शाई. रजेचा अर्ज, पाहुण्यांना पत्र, सगळंच. "लग्नाला होकारसुद्धा पेन्सिलीनेच कळवला होता यांनी," असं त्यांची बायको सांगते.

मी खोडलं की मागे खूण उरत नसे. साहेब मला कौतुकाने लोकांना दाखवत. मलाही त्याचा अभिमान वाटे.

यंदा त्यांच्या मुलीने कॉलेजचा अर्ज आणला. मुख्य विषय भौतिकशास्त्र. त्यावर घरात सगळे खूश. खालच्या चौकटीत जोडविषय लिहायचा होता. तिने लिहिलं, तत्त्वज्ञान.

साहेबांनी ते वाचलं, मला उचललं, शब्द खोडला आणि हलकेच फुंकर मारली.

"संख्याशास्त्र बघ. जोडीला बरं पडेल."

"बघते, बाबा."

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तत्त्वज्ञानच लिहिलं. त्या दिवशी आत्या आली होती.

"अगं, या घरात एक माणूस तासभर विचार करून एक रेघ ओढतो. तेवढं तत्त्वज्ञान पुरे नाही का?"

सगळे हसले. मुलगीही हसली. त्या हसण्यातच साहेबांनी मला पुन्हा फिरवलं.

तिला तो विषय का हवा, ते मला ठाऊक होतं. प्रयोगवहीसाठी तिने एकच सळई दहा वेळा मोजली होती आणि दहा वेळा लांबी किंचित वेगळी आली होती. सरासरी काढून झाल्यावर तिने समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'मग खरी लांबी कुठली? ती आहे, हे आपल्याला कसं कळलं?' वही बाईंना दाखवायच्या आधी तिने माझ्याकडूनच ते पुसून घेतलं. तो प्रश्न माझ्याशिवाय कुणी वाचला नाही. आणि मला तोंड नाही.

तिने तो शब्द आणखी दोनदा लिहिला, मी आणखी दोनदा खोडला. दर वेळी कागदाचे तंतू थोडे सुटत होते. मला ते कळत होतं. पण हात साहेबांचा होता.

शेवटच्या दिवशी अर्ज द्यायला निघण्यापूर्वी साहेबांनी शाईचं पेन उघडलं. वरचं सगळं नीट गिरवलं. खालची चौकट रिकामी होती.

"काय लिहू?" त्यांनी विचारलं.

मुलगी त्या चौकटीकडे बघत राहिली. आता लिहील, असं मला वाटलं. पेन्सिल तिच्या हाताशीच होती.

"तुम्हीच लिहा," ती म्हणाली.

साहेबांनी संख्याशास्त्र लिहिलं. घासून घासून विरलेल्या कागदावर शाई फुटली. नकाशे काढण्याच्या तीस वर्षांत त्यांच्या हातून असं झालं नव्हतं. सवयीने त्यांनी मला उचललं आणि घासू लागले. शाईपुढे माझं काय चालणार? निळा डाग फक्त पसरला.

"राहू द्या, बाबा," ती म्हणाली. "वाचता येतंय." तिने अर्ज उचलला आणि चप्पल घातली. साहेब मला हातात धरून तसेच बसून राहिले.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. झिजणं हे माझं कामच आहे. पण कुणी पेन्सिलीने लिहिलेला कागद तुमच्यापुढे ठेवला, तर मला उचलण्याआधी त्याला एकदा विचारा, हे का लिहिलंस? मला विचारता येत नाही. तुम्हाला येतं.