पदरानं पुसलेली बाटली

मी जुनी असेन मित्रांनो, पण भंगार नाही. पाण्याचा नमुना घेण्याची जाड काचेची बाटली आहे मी. भट्टीत तापून निघाले, तो ताठा अजून गेलेला नाही.

१९६१ साली घाटंजीजवळच्या एका गावात हगवण पसरली. गावाबाहेरच्या वस्तीतली माणसे नुकती बौद्ध झाली होती आणि त्यांनी आपली विहीर आपल्या हातांनी खणली होती. "रोग तिथूनच आला," म्हणत पाटलाने ती बुजवायचे ठरवले. म्हणून आरोग्य निरीक्षक लखीराम मला वस्तीत घेऊन आले. मला भरले वस्तीतल्या इंदूबाईने. बाई अशी, की बोलायला लागली तर विळ्याने धार मागावी.

निकाल आला, पाणी खराब! पाटलाची माणसे मुरमाच्या गाड्या घेऊन निघाली.

लखीराम धावत आले. "बाई, बाटली भरली कशी?"

"कशी म्हंजे? पदरानं तोंड चांगलं पुसलं अन् भरली. पाहुण्याच्या हाती मळकं भांडं देतो का आम्ही?"

"तिथंच घात झाला! उकळून आणलेली बाटली ती, पदराचेच जंतू पाण्यात गेले. तिच्या तोंडाले कोणाचाच हात, पदर लागाले नाही पाहिजे."

"कोणाचाच? पाटलाचाबी?"

"पाटलाचाबी. माह्याबी."

इंदूबाई खुदकन हसली. "मंग हे काम मले आवडलं. शिकवा, सायेब!"

मला पुन्हा उकळले. मला विहिरीत सोडायची सुतळी आणि वजनाला बांधायचा दगडसुद्धा उकळला. इंदूबाईने मला बुडाशी धरले, बूच खाली टेकू दिले नाही, गाळ न ढवळता मला पाण्यात सोडले. तसाच नमुना तिने दुसऱ्या बाटलीत पाटलाच्या विहिरीचाही घ्यायला लावला. मग आपल्या विहिरीच्या काठावर ठाण मांडून बसली.

"निकाल येईपर्यंत मुरूम टाकाचा असन, तर माह्या डोक्शावर टाका!"

एकही गाडी रिकामी झाली नाही.

वस्तीचे पाणी चोख निघाले. खराब निघाले पाटलाचे. तेव्हा इंदूबाई भर चौकात म्हणाली, "पाटील, तुमच्या विहिरीत औषध पडेपर्यंत आमच्या विहिरीवर पाणी भरा. घागर मात्र घासून आणजा!"

मित्रांनो, मला कपाटात कोंडू नका. तुमच्या पाण्याला कोणी नाव ठेवले, तर मान खाली घालू नका. मला नीट उकळा, नीट भरा, आणि निकाल येईपर्यंत काठावरून उठू नका.