भिंतीवरची इंग्रजी

टेगवेन प्यूने स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा ओढला, पुढच्या दाराला कडी घातली आणि मगच टेबलावर ब्रिटनचा झेंडा पसरला.

सहा फुटी कापड होते. वाऱ्याने मोकळ्या बाजूची शिवण वीतभर उसवली होती. तिने मशीनमध्ये दोरा ओवला, कापड दाबाखाली सरकवले आणि चार टाके घातले असतील-नसतील, तोच मागच्या दाराने मेन्ना आत आली. मागच्या दाराला कडी नव्हतीच. वेल्समधल्या या पेंत्रे-ग्लास गावात कुणी मागच्या दाराला कडी लावली असती, तर घरात कुणी गेले असे समजून संध्याकाळपर्यंत लोक फुले घेऊन आले असते.

मेन्ना रीस ही टेगवेनची नणंद. टेगवेनचा नवरा जाऊन बारा वर्षे झाली होती, पण नणंद शाबूत होती.

"वहिनी, हे काय?"

"टेबलक्लॉथ."

मेन्नाने टेबलक्लॉथभोवती एक फेरी मारली.

"आपल्या घरात," ती म्हणाली. "माझ्या भावाने रस्त्यांवरच्या इंग्रजी पाट्यांना हिरवा रंग फासून तीन आठवडे तुरुंगात काढले, त्याच्या घरात. रंगाचा डबा अजून आहे बाहेर शेडमध्ये."

"वाळलाय तो."

"आणि यात आपण आहोत तरी कुठे, सांग. हा उभा-आडवा लाल इंग्रजांचा. पांढरा तिरपा स्कॉटलंडचा. लाल तिरपा आयर्लंडचा. आपण कुठे?"

"शिवणीत," टेगवेन म्हणाली आणि मशीन चालू केले.

झेंडा शेजारच्या ब्रॅडशॉचा होता. स्टॅन्ली ब्रॅडशॉ, वय एकाहत्तर, मूळचा लिव्हरपूलचा, नौदलातून निवृत्त झालेला इंजिनियर, विधुर. नऊ वर्षांपूर्वी तो शेजारी राहायला आला तेव्हा सामानाच्या गाडीतून खुर्च्या उतरायच्या आधी बागेत खांब उभा राहिला आणि खांबावर हा झेंडा चढला. टेगवेनने तो पाहिला आणि भिंतीवरून इंग्रजीत म्हटले, "गुड मॉर्निंग." त्याने इंग्रजीत उत्तर दिले. झाले. त्या भागात दोन माणसे पहिल्या दिवशी ज्या भाषेत भेटतात, ती त्यांची कायमची भाषा. पुढे बदलणे म्हणजे भर रस्त्यात कपडे बदलण्यासारखे. गावात दोन भाऊ असे होते की लहानपणी एकदा पाहुण्यांसमोर इंग्रजीत बोलले, आणि सत्तरीतही एकमेकांशी इंग्रजीतच भांडत. घरी आपापल्या बायकांशी मात्र वेल्श.

तेव्हा टेगवेन आणि ब्रॅडशॉ नऊ वर्षे कमरेएवढ्या दगडी भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहून इंग्रजीत हवेविषयी बोलत आले होते. आणि मेन्ना शेजारी असली की त्या दोघी त्याच्यासमोरच, चेहऱ्यावर हसू ठेवून, वेल्शमध्ये त्याच्याविषयी बोलत आल्या होत्या.

"झेंडा शिवायला दिला म्हणजे काहीतरी आहे," मेन्ना खुर्ची ओढून बसली. "पुरुष फाटकी वस्तू उगाच दाखवत नाही."

टेगवेनने टाका संपवला, दोरा तोडला.

"काल त्याने मला लग्नाचं विचारलं."

मेन्नाने चहाचा कप उचलला होता, तो तसाच हवेत राहिला.

"मुलगी साउदॅम्प्टनला बोलावतेय. सोमवारी घर बघायला दलाल येणार. मी नाही म्हटलं तर विकून जाणार तो. उत्तर रविवारपर्यंत हवं म्हणाला."

"आणि तू?"

"मला तो आवडतो," टेगवेन म्हणाली. चहात साखर किती, हे सांगावे तशा आवाजात.

"मग अडतंय कुठे? या फडक्यात?"

"फडकं काढता येतं गं. पण इंग्रजीत संसार कसा करायचा? भिंतीवरून काहीही इंग्रजीत करता येतं. एका छपराखाली? सकाळी उठून मी त्याला इंग्रजीत म्हणू, की गुडघा दुखतोय? भांडू कशी? मला इंग्रजीत भांडताच येत नाही, मी 'सॉरी' म्हणते."

यावर मेन्ना काही बोलणार, तोच पुढचे दार वाजले. टेगवेनने कडी काढली. दारात ब्रॅडशॉ उभा होता, हातात निळ्या दोऱ्याचे रीळ.

"मिसेस प्यू, क्षमा करा. आपल्याला निळा दोरा लागेल असं वाटलं. मिसेस रीस, नमस्कार. आज हवा छान आहे."

"छान आहे," मेन्ना इंग्रजीत म्हणाली आणि त्याच गोड चेहऱ्याने वेल्शकडे वळली, "वहिनी, याच्या कानांत बघ काय गवत माजलंय. एक मेंढी सोडली तर दोन दिवस चरेल."

"गप गं. माणूस चांगला आहे," टेगवेन वेल्शमध्ये म्हणाली. "कानांचं मात्र खरंय."

ब्रॅडशॉने रीळ टेबलावर ठेवले, झेंड्याच्या शिवणीकडे पाहिले, "अप्रतिम" म्हणाला आणि गेला.

शनिवारी सकाळी टेगवेन धुणे वाळत घालायला बाहेर आली, काखेत घडी केलेला झेंडा. ब्रॅडशॉ भिंतीपाशीच होता. तिने घडी त्याच्या हातात दिली.

"आपल्याला हे काम जड गेलं असेल," तो म्हणाला.

"कापड आहे. कापडाला काय."

"नौदलात एक रीत असते, मिसेस प्यू. जहाज बंदराला लागलं की नाकाडावर हा चढवायचा. बंदर सोडलं की उतरवायचा. समुद्रात असताना तिथे तो नसतोच." त्याने कडेची शिवण अंगठ्याने चाचपली. "इथे आलो तेव्हा म्हटलं, लागलो बाबा बंदराला. म्हणून चढवला. गावाला त्याचा दुसरा काही अर्थ लागला असेल, तर तो मी कधी विचारला नाही."

टेगवेनला या झेंड्याविषयी बरेच अर्थ ठाऊक होते. त्यांतले तीन तिने शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरीला असताना पोरांना वाढता वाढता मोठ्याने शिकवले होते. हा त्यांत नव्हता.

ब्रॅडशॉ खांबाची दोरी ओढायला वळला आणि सकाळच्या उन्हात त्याचा कान तिला दिसला. गुलाबी, गुळगुळीत, नुकत्या सोललेल्या बटाट्यासारखा. पाळीवर कापसाचा एवढासा बोळा चिकटवला होता. कात्री जरा जास्तच पुढे गेली असणार.

टेगवेनने हातातला चिमटा दोरीवर लावला, काढला आणि पुन्हा लावला. दोरीवर कपडा नव्हता.

तो पाइप ओढायचा, तो दोन वर्षांपूर्वी बंद झाला. डॉक्टरने सांगितलं, असे म्हणाला होता. पण त्याच्या आदल्याच आठवड्यात ती मेन्नाला म्हणाली होती, माझ्या चादरींना गोदीचा वास येतो. तो तपकिरी कोट, ओल्या मेंढीसारखा दिसणारा. तसे ती म्हणाली, आणि तो कोट नंतर कधी दिसला नाही. आणि हा झेंडा. मागच्या उन्हाळ्यात ती याच भिंतीला टेकून वेल्शमध्ये वैतागली होती, की याच्या फडफडीने माझी दुपारची झोप जाते. तेव्हापासून झेंडा दोनला उतरतो आणि चारला चढतो. 'कापडाला जरा विश्रांती,' असे त्याने इंग्रजीत सांगितले होते, आणि तिने मान हलवली होती.

आणि गेल्या मंगळवारी, इथेच, तो वाटाण्याच्या वेलांना काठ्या लावत असताना ती मेन्नाला काय म्हणाली होती? विचारायचं असेल तर विचारून टाकावं या माणसाने. सदुसष्टची झाले मी, वाट किती बघायची?

मंगळवार. त्याने विचारले गुरुवारी.

टेगवेन चिमट्यांच्या टोपलीशेजारी दगडावर बसली आणि पदर नसल्यामुळे तोंडावर उशीचा अभ्रा धरून हसू लागली. हसू आवरेना. भिंतीपलीकडून आवाज आला, "मिसेस प्यू, आपण ठीक आहात ना?"

"ठीक," ती इंग्रजीत म्हणाली. "हवा छान आहे."

दुपारी तिने मेन्नाला बोलावले. ब्रॅडशॉ पलीकडे कुदळीने वाफा खणत होता. टेगवेनने नणंदेला हाताला धरून भिंतीपाशी उभे केले आणि वेल्शमध्ये, चॅपलमध्ये सूचना वाचतात तशा ठसठशीत आवाजात, बोलायला सुरुवात केली.

"मेन्ना, ऐक. ज्याला माझ्याशी लग्न करायचंय, त्याने उद्या दहाला बेथेल चॅपलमध्ये यावं. माझ्या बाकावर, माझ्या शेजारी बसावं. आणि स्तोत्र सुरू झालं की तोंड उघडून गावं. नुसते ओठ हलवलेले चालणार नाहीत."

"अगं, पण त्याला कसं कळणार?"

"नाही कळलं तर जाऊ दे साउदॅम्प्टनला."

"तोंडासमोर उभा आहे, इंग्रजीत सांग ना बाई!"

"इंग्रजीत मी नऊ वर्षं त्याच्याशी हवेवर बोलतेय. आता पुरे."

पलीकडे कुदळ थांबली होती. मग ती पुन्हा सुरू झाली, जरा जास्तच जोरात.

"वहिनी," घरात शिरताना मेन्ना काळजीने म्हणाली, "तुला ऊन लागलंय."

रविवारी पाऊस होता. बेथेलमध्ये चाळीसेक माणसे होती, म्हणजे भरगच्च. टेगवेन नेहमीच्या बाकावर बसली, पिशवी बाजूच्या जागेवर ठेवली. मागच्या बाकावर मेन्ना. दहाला पाच कमी असताना टेगवेनने पिशवी उचलून मांडीवर घेतली. दहाला दोन कमी असताना दार उघडले आणि डाकवाल्याची बायको आत आली. दहा वाजले. पाद्री उभा राहिला. टेगवेनने पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला, सोडला. पायपेटीचा पहिला सूर निघाला. सगळे उठले, आणि तीही उठली. आता न उठून काय करणार.

तेव्हा दार वाजले. ब्रॅडशॉ आत आला, काळ्या सूटमध्ये, खांद्यांवर पाऊस. चॅपलमध्ये कुणी मान वळवत नाही, सगळ्यांनी वळवली. तो सरळ चालत तिच्या बाकापर्यंत आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला.

"मिसेस प्यू," तो इंग्रजीत पुटपुटला, "हवा छान आहे."

छपरावर पाऊस धो धो कोसळत होता.

"आहे," ती म्हणाली आणि त्याच्यापुढे स्तोत्रांचे पुस्तक धरले.

त्याने पुस्तकाकडे पाहिले नाही. समोर भिंतीकडे बघत त्याने तोंड उघडले आणि वेल्शमध्ये खर्ज लावला. शब्दन् शब्द पाठ, उच्चार जुन्या माणसांचे, टेगवेनच्या आजोबांच्या पिढीचे असावेत तसे. लिव्हरपूलच्या गोदीमागच्या गल्ल्यांत एक वेल्श चॅपल असते, तिथे एखादी आई आपल्या मुलाला दर रविवारी कान धरून नेते, तेव्हाच असा खर्ज तयार होतो. पायपेटीवाली बाई क्षणभर वाजवायची विसरली. खर्ज थांबला नाही, तेव्हा ती घाईघाईने मागून येऊन त्याला गाठू लागली.

मागच्या बाकावर दुसऱ्या कडव्याच्या मध्येच मेन्नाचा आवाज गायब झाला. पस्तीस वर्षांत बेथेलमध्ये असे झाले नव्हते. ती पुस्तक छातीशी धरून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते, पण ते स्तोत्र नव्हते. ती ब्रॅडशॉविषयीचे आपले शेरे पहिल्या वर्षापासून आठवत होती.

स्तोत्र संपले. सगळे बसले. त्या शांततेत मेन्ना पुढे वाकली.

"ब्रॅडशॉ," ती वेल्शमध्ये कुजबुजली. "ते तुझ्या विजारीविषयी... मी म्हणाले होते... म्हणजे बसताना मागून..."

"शिंप्याकडून नीट करून घेतली," ब्रॅडशॉ वेल्शमध्ये म्हणाला. "सहा वर्षं झाली."

टेगवेन समोर बघत होती. पाद्रीने प्रार्थनेसाठी हात वर केले.

"मिसेस प्यू," तो हलकेच म्हणाला. हे इंग्रजीत, तिच्याशी दुसऱ्या भाषेत बोलायचे धाडस अजून त्याला झाले नव्हते. "माझ्या प्रश्नाचा विचार केलात का?"

"तुझी कॉलर मागून उलटी आहे," टेगवेन म्हणाली. वेल्शमध्ये, आणि या वेळी मेन्नाला नव्हे.

त्याने हात मानेकडे नेला.

"राहू दे. तुला दिसतंय का मागचं."

तिने स्वतःच ती सरळ केली आणि हात लगेच काढला नाही. चाळीस माणसे डोळे मिटून प्रार्थना करत होती, आणि त्यांतल्या एकाही माणसाचे डोळे मिटलेले नव्हते.