दवाखान्यात जायचे कपडे

केटुराचं डोकं सकाळपासून फुटत होतं, तरी ती आरशासमोर बसून कानात डूल अडकवत होती. बाळंत होऊन आठवडाही झाला नव्हता. पाय टम्म सुजलेले, डोळ्यांपुढे काजवे. पण नटल्याशिवाय आमच्या घरातली बाई दवाखान्याची पायरी चढत नाही. ही शिस्त माझीच.

केटुरा माझ्या बहिणीची, ओडेटची मुलगी. हिच्या जन्मानंतर ओडेट अशीच डोकं धरून दवाखान्यात गेली होती, अंगात घरातला झगा, पायात सपाता. तिथल्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, नशा केलीस का म्हणून विचारलं आणि घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी प्रेशर चढून ती गेली आणि तान्ही केटुरा माझ्या पदरात आली. तेव्हापासून मेकन शहरातल्या आमच्या घरात कायदाच झाला. काळ्या बाईनं दवाखान्यात जाताना रविवारी चर्चला जातात तसं जायचं. गोड बोलायचं, शिकलेली आहेस हे कळू द्यायचं, आवाज चढवायचा नाही.

"लिपस्टिक राहू दे ना मावशी. वासानं ढवळतंय."

"लाव. तुझ्या आईनं लावली नव्हती."

लावली बिचारीनं. बाळाला नवऱ्यापाशी ठेवून आम्ही निघालो.

खिडकीतली गोरी नर्स खूश झाली. "किती छान दिसताय. बाळंतीण वाटतच नाही."

"थँक यू," केटुरा हसून म्हणाली. "मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. डोकं फार दुखतंय. माझं प्रेशर एकदा बघाल का?"

"झोप होत नसेल हो. नव्या आयांचं असंच असतं. बसा, नंबर आला की बघू."

बसलो. आमच्यामागून आलेली माणसं आत जाऊन बाहेरही आली. मी पुन्हा खिडकीशी गेले, अगदी मध घोळवून बोलले. मग आणखी एकदा गेले.

"त्यांच्याकडे बघा की," नर्स म्हणाली. "इतकं दुखणारं माणूस असं बसेल का?"

मी वळून पाहिलं. पाठ ताठ, हात मांडीवर, ओठ लाल. डोळे मात्र विझत चाललेले. ओडेट गबाळी होती म्हणून खोटी ठरली, ही नीटनेटकी म्हणून.

मी रुमालानं तिची लिपस्टिक पुसली, डूल काढून पर्समध्ये टाकले. "ओरड," म्हटलं.

"मला नाही येत मावशी."

कसं येणार? मी शिकवलंच नव्हतं. मग मीच ओरडले. ओडेटच्या वेळी गिळलेलं सगळं बाहेर आलं. पोरगी मरतेय माझी, कुणीतरी बघा.

नर्सनं सुरक्षारक्षकाला बोलावलं. तो आमच्यातलाच, धिप्पाड. माझा दंड धरायला आला आणि केटुराकडे बघून थबकला.

"काढतो यांना बाहेर," तो नर्सला म्हणाला. "आधी तिचं प्रेशर मोजा. मी इथंच उभा आहे."

मोजलं. नर्सनं आकडा बघितला, पट्टा काढून पुन्हा बांधला, पुन्हा बघितला. मग सगळेच पळायला लागले.

केटुरा वाचली. मला नाचावंसं वाटायला हवं होतं, पण अंगात त्राण नव्हतं. एक पट्टा दंडाला बांधून घ्यायला माणसानं किती दमायचं? तक्रार मी करणार आहेच. त्या दिवशी मात्र नर्स येऊन "बरं झालं वेळेत आणलंत" म्हणाली, तेव्हा मी खुर्चीला डोकं टेकून डोळे मिटले.

दोन दिवसांनी बाळाला भेटायला आणलं. केटुरानं तिला कुशीत घेतलं.

"मावशी, हिला काय शिकवू गं? नटायला की ओरडायला?"

"ओरडायला," मी म्हटलं.

तेवढ्यात पोरीला भूक लागली आणि तिनं भोकाड पसरलं. खणखणीत आवाज, पार बाहेरपर्यंत गेला असेल. माझी नजर दाराकडे गेली.

"श्श," मी म्हणाले, "हळू गं बाई."