राक्षसाचं बुटकं दार

केस कापायच्या दुकानात म्हाताऱ्याची जागा आता बाकावर होती. खुर्चीमागे मुलगा उभा राही. हात थरथरायला लागल्यापासून मुलाने बापाच्या कात्र्या वरच्या फळीवर ठेवून दिल्या होत्या. त्यात चूक काही नव्हतं. बापाचा मान गिऱ्हाइकाच्या कानापेक्षा मोठा नाही, हे म्हाताऱ्यालाही कळत होतं. कळत होतं, पण वळत नव्हतं, एवढंच.

स्वतःचं म्हणावं असं त्याच्याकडे एकच उरलं होतं, राक्षसाची गोष्ट. रडक्या पोरांसाठी ती आपणच याच खुर्चीमागे रचली, असं तो सगळ्यांना सांगे. राक्षसाने गावाची झोप चोरून रांजणात कोंडली आणि एक पोरगा ती सोडवायला निघाला. राक्षसाचं दार बुटकं, म्हणून मान खाली घालायची. तेवढ्यात मानेवरचे केस निघत. आत धुळीचं वादळ, म्हणून डोळे गच्च मिटायचे, तेवढ्यात कपाळावरचे. राक्षस घोरतोय की जागा आहे, ते भिंतीला कान लावून ऐकायचं, आधी हा कान, मग तो. शेवटी रांजण उघडला की झोप फू करून सुटे, मानेवरचे केस झटकले जात आणि पोर हसत खुर्चीवरून खाली उतरे. सगळी गल्ली त्याला राक्षसबाबा म्हणायची. हे नाव त्याला कुठल्याही पदवीपेक्षा प्यारं होतं.

मुलाने मात्र भिंतीवर टीव्ही लावला. कार्टून बघत पोरं गप्प बसत हे खरं, पण माना वर करून. मग मागचे केस कापताना मुलाची तारांबळ उडे आणि बाकावरून खोकल्याचा आवाज येई. तो खोकला काही सर्दीचा नसे.

एका सकाळी गल्लीत नव्यानेच राहायला आलेली एक बाई आपल्या लेकीला घेऊन आली. उद्या पोरीच्या शाळेचा पहिला दिवस, आणि केस तर डोळ्यांत शिरत होते. पोरीने कात्री बघितली आणि भोकाड पसरलं. मुलाने टीव्हीचा आवाज वाढवला, तिने आपला वाढवला. शेवटी त्याने हात टेकले. आता आपली पाळी, म्हणून म्हातारा घसा खाकरतोय तोवर बाई लेकीजवळ वाकली.

"राक्षसाचं दार बुटकं होतं ना? मग मान कशी घालायची?"

पोरीने हुंदका गिळला आणि मान खाली घातली.

म्हातारा ताडकन उठला. ही गोष्ट कुणाकडून ऐकलीस, लहानपणी इथे केस कापायला यायचीस का, असं त्याने बाईला दरडावूनच विचारलं. बाई हसली. ती फार लांबच्या गावची होती आणि या दुकानात पहिल्यांदाच येत होती. गोष्ट तिच्या आईची, अंघोळ घालतानाची. मानेवर पाणी ओतताना बुटकं दार, साबण लावताना धुळीचं वादळ, कान पुसताना भिंत, आणि डोकं कोरडं करताना फू.

म्हाताऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयत्या बिळावर नागोबा, असं काहीतरी तो पुटपुटला. बाईने वाद घातला नाही.

"असेलही तुमची, काका. आमच्यात सुरुवातीला एक पहारेकरीही असतो. तो म्हणतो, हात वर कर. मग सगळीकडे अंधार होतो."

"तो कशाला?" मुलाने विचारलं.

"फ्रॉक डोक्यातून काढताना."

म्हातारा हळूच बाकावर बसला. लहानपणी अंघोळीआधी त्याचा सदरा नेहमी कानाशी अडकायचा. आत उबदार अंधार असायचा, आणि बाहेरून आवाज यायचा, पहारेकरी म्हणतो हलू नकोस. त्याची आई गेली तेव्हा तो या पोरीएवढाच होता. तिचा चेहरा त्याला कधीच आठवत नसे, आणि हे दुःख त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. चेहरा आताही आठवला नाही. पण आवाज तिचाच होता, त्यात शंका नव्हती.

म्हणजे गोष्ट त्याने रचलीच नव्हती, फक्त कापली होती. केस कापताना हात वर करून काय उपयोग? तेवढा भाग त्याने छाटला, मग विसरला, आणि उरलेली गोष्ट जन्मभर आपली म्हणून मिरवली.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. गोष्टीचंही तसंच असावं. बाईच्या आईला ती कुणी सांगितली, म्हाताऱ्याच्या आईला कुणी, देव जाणे. पोरांना अंघोळ नकोशी झाली तेव्हापासूनची असेल. आपली एकुलती एक कमाई अशी हातची गेली, याचं म्हाताऱ्याला वाईट वाटायला हवं होतं. पण इतकी वर्षं आई आपल्याच तोंडून बोलत होती, हे मनात आलं आणि त्याचे डोळे भरून आले.

"टीव्ही बंद कर," तो मुलाला म्हणाला.

मुलाने बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि निमूटपणे बंद केला. म्हातारा खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला. त्याने पोरीला राक्षसाची चोरी सांगितली, गावाचे तारवटलेले डोळे सांगितले, रांजण सांगितला. पोरीचं रडणं थांबलं. मुलगा कात्री घेऊन मानेपाशी तयार होता. ही गोष्ट ऐकतच तो याच खुर्चीत वाढला होता, कुठे काय कापायचं ते त्याला सांगावं लागत नव्हतं.

"दाराशी पहारेकरी होता," म्हातारा म्हणाला. "तो म्हणाला, हात वर कर."

"बाबा, तिथे कापायला काहीच नाही," मुलगा हळूच म्हणाला. "ते गाळा ना."

"एकदा गाळलं होतं. माझ्या आईचं आहे ते."

पोरीने दोन्ही हात वर केले. म्हाताऱ्यानेही आपले थरथरते हात वर केले आणि डोळे मिटून घेतले. मुलगा कात्री धरून तसाच थांबला, गोष्ट पुढे जाईपर्यंत.