रविवारचं कापड

रविवार सदासर्वकाळ पवित्र राहील, असं टोंगाच्या राज्यघटनेत लिहिलेलं आहे, आणि तो मोडण्याचा अधिकार खुद्द राजालाही नाही. त्याच पवित्र दिवशी, चर्चची पहिली घंटा व्हायच्या आत, आमचा गावप्रमुख पेनिसिमानी थोरल्या बहिणीच्या कुंपणाशी उभा राहून तिला कामाला चल म्हणून विनवत होता.

"ताई, उठलीस का?"

फूसी उठलेलीच होती. परसातल्या खड्ड्यात दगड तापले होते आणि त्यांवर ती अळूच्या पानांत बांधलेल्या खाऱ्या मांसाच्या पुड्या रचत होती.

"नाही," ती म्हणाली. "झोपेत पुड्या रचतेय."

पेनिसिमानी हसला नाही. आमच्याकडे थोरल्या बहिणीशी थट्टा करायची नसते, तिच्या घरात शिरायचं नसतं, आणि शक्यतो तिच्या तोंडाकडे बघूनही बोलायचं नसतं. म्हणून तो आपलं म्हणणं तिच्या दारातल्या नीरफणसाला सांगत होता.

"उद्या आत्यासाहेब येणार."

"सगळ्या गावाला ठाऊक आहे. डुकरांनासुद्धा."

आत्यासाहेब म्हणजे राजाची आत्या. आमच्याकडे बापाची बहीण बापाहून वरची, त्यामुळे राजाच्या आत्यापुढे राजाही जरा सावरून बसतो. चर्चला लागून बांधलेल्या नव्या सभागृहाचं उद्घाटन त्यांच्या हस्ते व्हायचं होतं; राजवाड्याचा निरोप गावच्या जहागीरदारांकडून आला होता. गाडीतून उतरल्यावर त्यांचा पाय मातीला लागू नये म्हणून चर्चच्या अंगणभर, फाटकापासून सभागृहाच्या दारापर्यंत, पुरेल एवढं झाडाच्या सालीचं कापड गावातल्या बायकांनी दोन महिने खपून तयार केलं होतं. साल कुटायची, खळीनं जोडायची, वर तपकिरी नक्षी काढायची. फूसी त्या बायकांची पुढारीण होती.

"जहागीरदारांचा ड्रायव्हर काल सहज बोलून गेला," पेनिसिमानी झाडाला म्हणाला, "की आत्यासाहेबांची गाडी आपल्या फाटकातून आत येत नाही. रुंद आहे."

"गाडी की आत्यासाहेब?"

"ताई!" तो झाडाच्या वतीनं दचकला. "त्या रस्त्यावरच उतरणार. कापड रस्त्यापर्यंत हवं."

"मग फाटक तोडा."

"फाटक कसं तोडणार? आज रविवार आहे. ते काम झालं."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. फूसीनं हातातली पुडी खाली ठेवली आणि त्याच्याकडे वळली.

"आणि साल कुटणं?"

"ते काम नाही. तो मान आहे. पाद्रीबाबांना विचारलंय मी."

तिनं केळीची पानं घेऊन खड्डा झाकायला सुरुवात केली, आणि तो असा झाकला की खाली पेनिसिमानीच आहे असं वाटावं.

मागच्या चक्रीवादळात तिच्या घराचं छप्पर उडालं होतं. तिचा नवरा मोसेसे यानं जमेल तसे पत्रे गोळा करून आणले. एका रविवारी दुपारी आभाळ काळं झालं तेव्हा तो वर चढला आणि त्यानं खिळे ठोकायला घेतले. सहावा-सातवा खिळा आत जातो न जातो तोच पोलीस आले. त्यांना पेनिसिमानीनं बोलावलं होतं. कोर्टातली शिक्षा फारशी नव्हती, ती भोगून झाली. चर्चनं मात्र मोसेसेचा प्रवचनाचा मान काढून घेतला. वीस वर्षं हा माणूस व्यासपीठावरून बोलत आला होता. आता तो शेवटच्या बाकावर, रडकी पोरं घेऊन बसणाऱ्या बायांच्या शेजारी बसायचा. पुरुषांच्या कावा या झिंग आणणाऱ्या मुळीच्या पेयाच्या बैठकीलाही त्यानं जाणं सोडलं होतं. घरी त्याचं जे काय बोलणं व्हायचं ते डुकरांशी.

"पेनी," फूसी म्हणाली, "त्या दिवशी मी तुझ्या दारी आले होते. पाऊस येतोय, तुझ्या भाचरांची अंथरुणं भिजतील, पोलिसांना परत पाठव, म्हणाले होते. तू काय उत्तर दिलंस?"

"ताई, ते आता कशाला..."

"मोठ्यानं. झाडाला ऐकू येत नाहीये."

"कायदा बहिणीहून मोठा आहे, म्हणालो."

"मग आज कुठे गेला तो मोठा? चर्चला पुढे गेलाय?"

पेनिसिमानीनं कमरेची, मान म्हणून कपड्यांवर गुंडाळायची चटई घट्ट केली. ती सैल झालेली नव्हती.

"खिळा ठोकला तर पाप आणि साल ठोकली तर मान," फूसी म्हणाली. "माझ्या पोरांच्या डोक्यावर छप्पर नको, पण आत्यासाहेबांच्या पायाला धूळ नको. वा रे पवित्र दिवस! सोयीनं उगवतो, सोयीनं मावळतो." तिचा आवाज चढला तसं शेजारच्या अंगणातलं झाडणं थांबलं. रविवारी झाडणंही मना आहे, पण शेजारी नुसती पानं वेचत होते असं नंतर सांगितलं गेलं.

"तू नाही आलीस तर एक बाई मोगरी उचलणार नाही, ताई. गावाची अब्रू जाईल."

"माझ्या नवऱ्याची गेली तेव्हा गाव जेवून झोपलं होतं." तिनं हात धुतले. "आज चारच्या प्रार्थनेला प्रवचन मोसेसे करील. पाद्रीबाबांना तसं सांग. ते हो म्हणाले तर मी मोगरी धरीन. नाही म्हणाले तर आत्यासाहेबांना उचलून आणा. तुम्ही पुरुष पुष्कळ आहात."

दुसऱ्या घंटेच्या आत होकार आला.

मोसेसेला तिनं सांगितलं तेव्हा तो चर्चला जाण्यासाठी कमरेला चटई बांधत होता. त्यानं गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

"कुणी ठरवलं?"

"देवानं," फूसी म्हणाली. "पेनीच्या तोंडून."

दुपारचं जेवण तो जवळजवळ जेवलाच नाही, आणि बायबल घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसला. त्याची पाठ बऱ्याच दिवसांनी ताठ दिसत होती. फूसीनं ती दारातून दोनदा पाहिली आणि मग ती मोगरी घेऊन सभागृहात गेली.

खिडक्या लावून घेतल्या होत्या. पण ओंडक्यावर मोगऱ्या पडू लागल्या की तो आवाज समुद्रावरच्या होड्यांनाही ऐकू जातो. त्यावर पाद्रीबाबांनी तोड काढली होती: बायकांनी भजनं म्हणायची, मोठ्यानं, सगळ्या मिळून. रविवारी भजन म्हणायला कुणाची ना नाही. पेनिसिमानी दाराबाहेर पहाऱ्याला उभा राहिला. पोलीस येतील अशी त्याला धास्ती होती. पण पोलिसाची बायकोच आत साल कुटत होती.

"इतकं देवाचं नाव मी नवरा मेला तेव्हाही घेतलं नव्हतं," म्हातारी लेसिएली दम खात म्हणाली.

"घ्या आजी, घ्या. खळ वाळतेय," फूसी म्हणाली.

मागच्या बाजूला गावातले पुरुष मोठमोठे सुरण सोलत होते. ते काम नव्हतं, तोही मानच होता.

चार वाजता भिंतीपलीकडे मोसेसे व्यासपीठावर चढला. नेहमी ज्या बाकांवर अख्खं गाव दाटीनं बसायचं तिथे पाद्रीबाबा होते, दोन बहिरे म्हातारे होते आणि काही लहान मुलं होती. मोसेसेनं बाकांवरून नजर फिरवली, आणि एरवी बोलायचा त्याहून मोठ्यानं बोलायला लागला. भिंत नवी होती आणि पातळ होती. एक भजन संपून दुसरं सुरू व्हायच्या मधल्या फटीत त्याचा आवाज सभागृहात आला.

"मी रविवारी खिळे ठोकले. ते पापच होतं. पाऊस येत होता हे खरं, पण देवाला पाऊस ठाऊक होता. मला शिक्षा झाली, ती मी मान खाली घालून घेतली. आता ज्या गावानं मला शिक्षा दिली, त्या गावाला मी विचारतो..."

मोगऱ्या थांबल्या. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. मग हळूहळू सगळ्यांनी फूसीकडे पाहिलं.

दार किलकिलं झालं आणि पेनिसिमानीनं मुंडकं आत घातलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो थोरल्या बहिणीच्या तोंडाकडे बघून बोलला.

"ताई, गाणं! गाणं थांबवू नका!"

फूसीचा चेहरा लाल झाला होता. हाच प्रश्न तिला गावाच्या तोंडावर फेकायचा होता. सकाळपासून तो तिच्या घशाशी होता. भिंतीपलीकडे मोसेसे तो, तिच्याहून नीट, रिकाम्या बाकांना विचारत होता. तो सगळ्यांना ऐकू यायला तिनं फक्त गप्प बसायचं होतं. समोर कापडाची नवी कड ओली पडली होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर खळ सुकली असती, जोड धरला नसता, आणि उद्या राजाच्या आत्याचा पाय उघड्या मातीवर पडला असता. तेही फूसीच्या कापडामुळे.

"तुम्ही सगळे मिळून..." ती भावाला म्हणाली, आणि वाक्य तिथेच सोडून तिनं मोगरी उचलली. भजनाची वरची पट्टी तिनंच धरली. तिच्यामागून इतर बायकांनी धरली, आणि प्रवचन संपेपर्यंत कुणी श्वास घ्यायलाही थांबलं नाही.

संध्याकाळी मोसेसे घरी आला. त्यानं चटई सोडली, घडी केली.

"ऐकू आलं का तिकडे?"

"आलं," फूसी म्हणाली. ती बोटांवरची खळ खरवडत होती.

"सगळं?"

"जेव."

सोमवारी पहाटेच कापड रस्त्यापर्यंत अंथरलं गेलं. जोड कुठे आहे हे सांगूनही कळलं नसतं. डुकरं भाजली गेली. राजघराण्यातलं कुणी जवळून जात असताना उभं राहायचं नसतं, म्हणून गाव सकाळपासून रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसलं. ऊन डोक्यावर आलं तरी बसलं. जहागीरदारांच्या घरी जाऊन विचारावं असं कुणाच्या मनात आलं नाही. वरच्यांना विचारत नसतात. दुपारी ड्रायव्हर पाव न्यायला गावात आला, आणि एवढी माणसं रस्त्यावर का बसली आहेत असं त्यानं विचारलं.

आत्यासाहेब आता गुरुवारी येणार होत्या. तसा निरोप जहागीरदारांकडे शुक्रवारीच आला होता.