आयरिनचं पपनस

आयरिनला राग आला होता तो एका फुलपाखराचा. हसू नका. तारोडीच्या माहेराहून आणलेलं पपनसाचं बी तिने कुंडीत लावलं, माव्याची कीड दिसली की ओल्या फडक्याने पान न् पान पुसलं, औषधाचा एक थेंब त्यावर पडू दिला नाही. हे सगळं कशासाठी? तर एक दिवस नीलवंताची मादी येईल आणि त्यावर अंडी घालेल म्हणून. आणि आली की ती बया! काळ्या पंखांवरचा निळा रंग मिरवत गॅलरीच्या ग्रिलमधून आत शिरली, पपनसाभोवती एक गिरकी मारली, आणि सरळ शेजारच्या गॅलरीत निघून गेली. संचिताकडे!

संचिताचं झाड तरी कसलं? पिळून फेकलेल्या लिंबाची बी रंगाच्या जुन्या डब्यात रुजून आलेली, तेच. वाकडं, मरतुकडं, पाणी घालायचंही तिच्या लक्षात राहायचं नाही. आणि नीलवंताने अंडी घातली ती त्याच्यावर.

बरं, ही संचिता कोण? केबिन रोडवरच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसणारी पोर. लग्न होऊन शेजारी राहायला आली तेव्हा कढीपत्त्यावरची अळी बघून किंचाळली होती. झाडूने झटकायला निघाली, तेव्हा आयरिननेच तिचा हात धरला होता. "थांब गो, मारू नको. फुलपाखरू हाय ते." मग अळी पाळायच्या डब्याच्या तोंडाला मलमल कशी बांधायची, अळी बोटाने न उचलता पानासकट कशी उचलायची, डिवचल्यावर ती डोक्यातून लाल शिंगं काढते तेव्हा घाबरायचं नाही, सगळं आयरिननेच शिकवलं. भाईंदरच्या फुलपाखरूवाल्यांच्या ग्रुपमध्ये तिला घेऊन गेली तीही आयरिनच.

या ग्रुपमध्ये आयरिनचा मान मोठा. दर रविवारी ही मंडळी झुडपांत माना खुपसून फिरायची, आणि कोणाला काही अडलं की, "आयरिन आंटी, ही कसली अळी?" आता बघावं तर संचिता, संचिता आणि संचिता. तिने अंड्यांचा फोटो टाकला, त्यावर हृदयं. अळ्यांचा टाकला, त्यावर टाळ्या. आणि शेवटी ग्रुपचा म्होरक्या विल्सन याने जाहीर करून टाकलं, या रविवारी सगळ्यांनी संचिताच्या घरी जमायचं, नीलवंताच्या अळ्या बघायला.

आयरिनने अंगठा पाठवला आणि मोबाइल टेबलावर आपटला.

"कोणावर चिडलीस?" टोनीने पेपरातून डोकं वर काढून विचारलं. टोनी म्हणजे तिचा नवरा. गोदीतून रिटायर झाल्यापासून पेपर आणि तो.

"कोणावर न्हाय."

अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. त्या पोरीवर कसलं चिडायचं, तिने काही केलेलंच नव्हतं. म्हणून तर जास्त चीड येत होती.

शुक्रवारी दुपारी बेल वाजली. संचिता दारात, केस विस्कटलेले.

"आंटी, वाट लागली. अळ्यांनी सगळं झाड फस्त केलं, नुसत्या काड्या राहिल्यात. कढीपत्ता दिला, तोंडसुद्धा लावत नाहीत. विल्सन वसईला गेलाय. तुमच्या पपनसाची थोडी पानं द्या ना. मोठ्या झाल्यात, एकदा पोट भरलं की कोषात जातील बघा."

आयरिनच्या पाठीमागे गॅलरीत पपनस उभं होतं. हिरवंगार, एका अळीने तोंड न लावलेलं. त्या कार्ट्यांनी आता हेही खायचं? आईला चालत नव्हतं, आता पोरांना चालणार?

"दिली असती गं," आयरिन म्हणाली. "पण कालच दवा मारलीय. मावा फार झालेला."

"तुम्ही? दवा?"

"काय करणार? झाड जात होतं हातचं."

संचिताने मान डोलावली. आंटी म्हणाली म्हणजे खरंच. "बरं झालं विचारलं," असं पुटपुटत ती पानं शोधायला तशीच जिना उतरून गेली.

दार लागल्यावर टोनीने चष्मा कपाळावर चढवला. "दवा कवा मारलीस गो?"

"तुला काय कळतं त्यातलं? पेपर वाच."

संध्याकाळी खाली रिक्षा थांबली. आयरिन गॅलरीतच होती. संचिता उतरली ती लिंबाची भलीमोठी कुंडी मिठीत घेऊन. पानं अशी चकाकत होती, जशी तेल लावून पुसलीत.

 नर्सरीतलं झाड असं चकाकतं ते दवा मारल्यानेच, हे आयरिनला पक्कं ठाऊक होतं. असं झाड आणलं की पुन्हा पुन्हा धुवायचं, महिनाभर बाजूला ठेवायचं, तोवर अळीच्या जवळही न्यायचं नाही. संचिताला सगळं शिकवलं होतं, हे मात्र राहून गेलं होतं, कधी वेळच आली नव्हती.

संचिताने वर बघितलं. तोंडभर हसली. "आंटी, मिळालं! काशीगावला जाऊन आणलं, हायवेजवळ. मस्त आहे ना?"

सांगायचं होतं. शब्द ओठांवर आले होते. पण तेवढ्यात रविवार डोळ्यांसमोर आला. सगळे संचिताच्या गॅलरीत दाटीवाटीने उभे, मोबाइल वर धरलेले, आणि आपण मागे, चपलांपाशी.

"छान आहे गं," आयरिन म्हणाली.

सकाळी संचिता डबा घेऊन आली. अळ्या लोळागोळा होऊन पडल्या होत्या, तोंडातून हिरवं पाणी. काडी लावली तरी एकीनेही शिंगं काढली नाहीत.

"त्या झाडावर काहीतरी मारलेलं असणार, आंटी. मी विचारलंच नाही. मला सुचलंच नाही." ती रडायला लागली. "तुम्ही निदान खरं तरी सांगितलंत. दुसरं कोणी असतं तर पानं देऊन मोकळं झालं असतं."

आयरिनने तिला जवळ घेतलं. दुसरं करणार काय?

हेच संचिताने ग्रुपवरही लिहिलं. मग विल्सन आणि बाकीचे सगळे, आंटी ती आंटीच, आंटीकडून शिकावं. आयरिनला हेच तर हवं होतं. तिने मोबाइल पालथा घातला आणि कितीतरी वेळ ओट्यापाशी नुसती उभी राहिली.

त्यानंतर तिने गॅलरीत बसणं सोडलं. एरवी खुर्ची पपनसाला खेटून दिवसभर ठाण मांडलेली असायची. डोळ्यांत तेल घालून असा पहारा दिला तर कोणती आई अंडी घालणार, हे मेलीच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आता खुर्ची रिकामी आणि गॅलरी सामसूम.

आणि एका दुपारी पलीकडून हाक आली. "आंटी! आंटी, लवकर या!"

आयरिन धावली. पपनसावर नीलवंत होती. पुढच्या पायांनी पान चाचपून बघायची, शेपूट वाकवायची, एक मोती ठेवायची, की निघाली दुसऱ्या पानावर. आयरिनने हात जोडले. देवा, आली. बस बाय, घाल, पाहिजे तेवढी घाल.

"आंटी, हुसका तिला!" संचिता पलीकडून ओरडत होती. "दवा मारलेल्या झाडावर घालतेय! सगळी मरतील!"

आयरिन जागची हलली नाही. मादी आपलं काम उरकून ग्रिलमधून निघून गेली. संचिताने ग्रिलमधून हात लांब केला, हातात डबा.

"ती पानं तोडून द्या पटकन. अळ्या बाहेर आल्या आल्या पानच कुरतडतील. माझ्या वाकड्या लिंबाला नवी पालवी फुटलीय, मी सांभाळते."

टोनी दारात येऊन उभा राहिला होता, पेपर हातात.  आयरिनकडे बघत होता. दवा नाही मारलेली, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण तेवढं म्हटलं की मागचं सगळंच म्हणावं लागलं असतं, त्या लोळागोळा झालेल्या अळ्यांपर्यंत.

तिने पहिलं पान खुडलं. मग दुसरं. अंडी असलेलं एकेक पान हळू खुडून संचिताच्या डब्यात ठेवलं. 

संचिताने मलमल बांधली आणि आयरिनच्या तोंडाकडे बघून तिला भरून आलं.

"वाईट वाटून घेऊ नका, आंटी. पुढच्या वेळी फक्त दवा मारू नका हं."

"नाही मारणार," आयरिन म्हणाली.